अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणींना खुलं पत्र

मंडळांचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि मराठी शाळांचे शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवात मतदार नोंदणीसाठी एक टेबल मांडू द्या, एवढीच विनंती आम्ही काही मैत्रिणींनी एका मंडळाला केली होती. टेबलावर कुठल्या पक्षाचा बिल्ला नसणार होता की उमेदवाराचं नाव नसणार होतं. इथे जन्मलेली आणि आता अठरा पूर्ण झालेली आपली मुलं, नव्याने नागरिकत्व घेतलेले लोक, यांच्यासाठी फॉर्म आणि चार पेनं, बस. उत्तर आलं, "मंडळात राजकारण नको. आपली सांस्कृतिक संस्था आहे." इतर राज्यांतल्या ओळखीच्यांना विचारलं, तर त्यांनाही हेच ऐकायला मिळालं होतं. म्हणून हे पत्र एका मंडळाला न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे.

नकार देणाऱ्यांवर माझा राग नाही. नोकरी सांभाळून हॉल बुक करणारी, पावत्या फाडणारी, मखर उभं करून रात्री उशिरा घरी जाणारी ही माणसं आहेत. भांडणं नकोत, कुणी सभासद दुखावू नये, इतकाच त्यांचा हेतू असतो. पण ज्या देशात आपण हे मखर उभं करतो, तिथे आपल्याला पाय ठेवता आला तोच मुळी राजकारणामुळे. तेही आपण केलेल्या नव्हे, दुसऱ्यांनी मार खाऊन केलेल्या राजकारणामुळे. त्याबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे.

१९२३ साली भगतसिंग थिंद यांचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात होते. न्यायालयाने एकमताने सांगितलं की सर्वसामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो, त्यात हा माणूस बसत नाही, म्हणून याला नागरिक होता येणार नाही. त्यानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्या कित्येक भारतीयांचंही ते काढून घेण्यात आलं. १९४६ मध्ये नागरिकत्वाचा दरवाजा किलकिला झाला, पण येण्याची परवानगी किती जणांना? अख्ख्या भारताला वर्षाला शंभर.

हा आकडा बदलला ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, जेव्हा अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी बसून नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. आपले डॉक्टर, इंजिनिअर, त्यांच्या मागून बायका-मुलं, मग भाऊ-बहिणी, सगळे त्या सहीनंतर आले. त्याच जॉन्सन यांनी त्याआधी जेमतेम दोन महिने, ६ ऑगस्टला, मताधिकार कायद्यावर सही केली होती. दोन्ही कायदे एकाच काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, केले. संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या ज्या न्यायविषयक समितीतून १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मताधिकार कायदा पुढे गेला, तिचे अध्यक्ष इमॅन्युएल सेलर होते. स्थलांतराचा कायदाही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वंशानुसार कोटा ठरवणाऱ्या जुन्या कायद्याला सेलर १९२४ पासून विरोध करत होते, आणि चाळीस वर्षं तो कोटा हलला नव्हता. हॉटेलात, बसमध्ये, नोकरीत वंशभेद करायचा नाही असं देशाने १९६४ मध्ये लिहून दिलं, तेव्हा कुठे सीमेवरच्या वंशभेदाचं समर्थन करणं अवघड झालं. खरं सांगायचं तर तो कायदा करणाऱ्यांना आपण एवढ्या संख्येने येऊ असं वाटलंही नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर युरोपातले नातेवाईक होते. आपल्याला हे आयतं मिळालं.

आपल्या घरांमध्ये ही गोष्ट वेगळी सांगितली जाते. बाबा आठ डॉलर घेऊन आले, हुशार होते, कष्ट केले, घर घेतलं. ते खरंच आहे, कष्ट कुणी नाकारत नाही. पण १९२३ मध्येही आपली माणसं हुशार होती. शिवाय ते घर घेता आलं कशामुळे? या देशातल्या अनेक जुन्या घरांच्या खरेदीखतांत आजही एक कलम सापडतं, की ही मालमत्ता गोऱ्याव्यतिरिक्त कुणाला विकायची किंवा भाड्याने द्यायची नाही. असं कलम न्यायालयातून अंमलात आणता येणार नाही, हा निकाल १९४८ मध्ये काळ्या कुटुंबांनी लढून मिळवला. घरविक्रीतला भेदभाव बेकायदा ठरवणारा कायदा ११ एप्रिल १९६८ चा आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याला तेव्हा एक आठवडा झाला होता. आणि त्याच कायद्याच्या आधाराने घर घेतलेले आपण, पुढच्या माणसाला सल्ला देतो, "तो एरिया नको हं, तिकडे काळ्यांची वस्ती आहे." हे मी आपल्याच पंगतीत ऐकलं आहे, एकदा नाही, अनेकदा.

मोठी नावं सगळ्यांना ठाऊक असतात. मला तुमच्यासमोर दोन बायका आणायच्या आहेत.

पहिली फॅनी लू हेमर. मिसिसिपीतल्या सनफ्लॉवर काउंटीत कापसाच्या मळ्यावर राबणारी, वीस भावंडांतली धाकटी. काळ्या माणसाला मत देता येतं हेच तिला चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी ती आणि आणखी सतरा जण एका जुन्या बसने इंडियनोला गावच्या कचेरीत नाव नोंदवायला गेले. तिथे तिला मिसिसिपी राज्याच्या घटनेतलं एक कलम उतरवून काढून त्याचा अर्थ लिहायला सांगितला. कायद्याची भाषा, आणि समोर जेमतेम शाळा पाहिलेली शेतमजूर बाई. ती नापास झाली. परत येताना पोलिसांनी बस अडवली आणि ड्रायव्हरला दंड केला, का, तर बसचा रंग चुकीचा आहे म्हणून. घरी पोचते तो मळ्याचा मालक आलाच. अर्ज मागे घे, नाहीतर चालती हो. अठरा वर्षं ती त्या मळ्यावर काम करत होती. तिने त्याला सांगितलं की मी तुमच्यासाठी नाव नोंदवायला गेले नव्हते, स्वतःसाठी गेले होते. त्याच रात्री तिला घर सोडावं लागलं. थोड्याच दिवसांत ती जिथे आसऱ्याला होती त्या घरावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढच्या जूनमध्ये विनोना गावच्या तुरुंगात तिला इतकं मारलं की मूत्रपिंडाची आणि डोळ्याची ती दुखणी तिला मरेपर्यंत पुरली.

१९६४ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन होतं. मिसिसिपीतून पक्षाने आणलेलं प्रतिनिधी मंडळ फक्त गोऱ्यांचं होतं आणि हेमर व त्यांचे सहकारी त्या जागांवर हक्क सांगायला गेले होते. टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर ती हे सगळं सांगू लागली, तेव्हा खुद्द अध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकार परिषद बोलावून कॅमेरे आपल्याकडे वळवले. होय, तेच जॉन्सन, ज्यांच्या दोन सह्यांचं मी वर लिहिलं. वाहिन्यांनी रात्री तिची साक्ष पुन्हा दाखवली आणि देशाने ती ऐकली. तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या गेल्या, त्या तिने आणि तिच्या सोबत्यांनी नाकारल्या. पुढच्या वर्षी मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्मा गावच्या पुलावर मताधिकार मागणाऱ्या मोर्चावर लाठ्या चालल्या आणि ऑगस्टमध्ये कायदा झाला. मिसिसिपीत मतदार यादीत नाव असलेले काळे लोक कायद्याआधी शेकडा ७ सुद्धा नव्हते. १९६७ पर्यंत ते शेकडा ६० च्या जवळ गेले. सह्या अध्यक्षांनी केल्या, पण त्या करायला लावणारी ही माणसं होती.

दुसरी जॉर्जिया गिल्मोर. हिच्याबद्दल मंडळातल्या बायकांना मुद्दाम सांगायचं आहे. माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसमधल्या वंशभेदाविरुद्ध १९५५ च्या डिसेंबरपासून बसवर बहिष्कार टाकला. तो ३८१ दिवस चालला. इतके दिवस हजारो मोलकरणी, मजूर, विद्यार्थी कामाला कसे गेले? काही पायी आणि बाकीचे चर्चच्या नि लोकांच्या गाड्यांतून, ठरलेल्या थांब्यांवरून. त्या गाड्यांना पेट्रोल लागायचं, टायर लागायचे, विमा लागायचा. गिल्मोर एका खानावळीत स्वयंपाकीण होती. किंग यांच्यावरच्या खटल्यात तिने बसमधल्या छळाची साक्ष दिली आणि तिची नोकरी गेली. मग तिने घरीच चूल मांडली. ती आणि तिच्या मैत्रिणी चिकन सँडविच, पोर्क चॉप, केक, पाय करून ब्यूटी पार्लरांत, लाँड्रीत, दारोदार विकायच्या. सोमवारच्या सभेत त्या आठवड्याचे पैसे जमा व्हायचे. आपल्या गटाला तिने नाव दिलं होतं 'कुठलाच नसलेला क्लब', म्हणजे पैसे कुठून आले असं कुणी विचारलं तर खुशाल सांगता यावं की कुठूनच नाही. ज्या बायका गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या त्यांची नावं त्यामुळे उघडी पडली नाहीत.

तुमच्यापैकी कितीतरी जणींनी शेकड्यांनी मोदक वळले आहेत, दोनशे लोकांची मसालेभाताची डेग उतरवली आहे. स्वयंपाकघरातून एक चळवळ वर्षभर कशी पोसली जाते हे समजायला तुम्हाला कुणाच्या व्याख्यानाची गरज नाही. त्या बाईने स्वयंपाक केला आणि राजकारणही केलं, दोन्ही एकाच भांड्यात.

आता आजच्या गोष्टीकडे येते. २० जानेवारी २०२५ रोजी एक आदेश निघाला. आई इथे तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर इथे जन्मलेल्या बाळाला जन्माने नागरिकत्व नाही, असं तो आदेश म्हणत होता. म्हणजे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या आपल्या तरुण जोडप्यांची बाळं. खालच्या न्यायालयांनी काही दिवसांतच तो अडवला. पण त्या दिवसांत डॉक्टरकडे सिझेरिअनची तारीख अलीकडे घेता येईल का, असं विचारणाऱ्या जोडप्यांच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. न्यायाधीश ज्या चौदाव्या घटनादुरुस्तीकडे बोट दाखवत होते ती १८६८ ची आहे. काळा माणूस गुलाम असो वा मुक्त, तो या देशाचा नागरिक होऊ शकत नाही असं १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं. ते पुसून टाकण्यासाठी यादवी युद्धानंतर ही दुरुस्ती झाली. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क नावाचा चिनी स्वयंपाकी हीच दुरुस्ती घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि १८९८ मध्ये जिंकला. आपल्या बाळांच्या पासपोर्टमागे हा सगळा इतिहास आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, तेव्हा आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर रात्रभर एकच प्रश्न फिरत होता, आपल्या बाजूने बोलणारं कुणी आहे का? त्या रात्री राजकारण कुणाला नकोसं नव्हतं.

मत देण्याचा हक्क तर मिळाला, मग आता टेबल कशाला, असंही मला विचारलं गेलं. कारण मिळालेला हक्क परत काढून घेता येतो, आणि तो काढून घेतला जातो आहे. ज्या राज्यांचा इतिहास भेदभावाचा आहे त्यांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यायची, हा १९६५ च्या कायद्याचा कणा होता. २५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो मोडला, आणि त्याच दिवशी टेक्सासने अडून राहिलेला ओळखपत्राचा कडक कायदा लागू करत असल्याचं जाहीर केलं. २०२१ मध्ये जॉर्जियाने कायदा केला की मतदान केंद्राच्या दीडशे फुटांत रांगेतल्या माणसाला इतर कुणी खाणं किंवा पाणी देणं हा गुन्हा आहे. केंद्राच्या हद्दीबाहेरच्या रांगेपुरता काही भाग न्यायालयाने नंतर स्थगित केला. पण तासन् तास उभं राहावं लागणाऱ्या रांगा कुठल्या वस्त्यांत असतात, हे तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

पाणी देणं गुन्हा, हे वाचून मराठी माणसाला महाड आठवू नये? अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठे खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. हक्क कागदावर होता, पाणी कुणी भरू देत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि त्यानंतर मंडपात जेवायला बसलेल्या लोकांवर लाठ्या पडल्या. मिसिसिपीत काळ्या पुरुषांना मताचा हक्क कागदावर १८७० पासून होता, बायकांना १९२० पासून. हेमरने तो १९६२ मध्ये वापरायला काढला आणि तिचं घर गेलं. दोन्हीकडे मारणाऱ्यांना कायद्याचा राग नव्हता. कायदा वापरणारी माणसं त्यांना सहन होत नव्हती.

हा धागा मी ओढूनताणून जोडत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी नष्ट करण्यासाठी झटलेल्या लोकांना, त्यांचं हे उदाहरण आपल्या देशबांधवांनी घ्यावं ही आशा धरून. पुण्यात बसून, अमेरिका न पाहता. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात होते, हार्लेमच्या शेजारी. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करत आहेत असं ऐकलं, त्याची प्रत मिळेल का, आमचीही स्थिती तशीच आहे. डु बॉईस यांनी लगेच उत्तर दिलं. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या मित्रांनी संघटनेचं नाव दलित पँथर ठेवलं, ते ओकलंडच्या ब्लॅक पँथर या काळ्या लोकांच्या संघटनेवरून. पुणे, महाड, कामाठीपुरा इथल्या माणसांनी जी ओळख ठेवली, ती अटलांटा आणि न्यू जर्सीत राहणाऱ्या आपण विसरावी, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि एक अवघड गोष्ट बोलायला हवी. २०२३ च्या फेब्रुवारीत सिॲटल शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. अमेरिकेतलं ते पहिलं शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या दोन्ही सभागृहांनी तसा कायदा मंजूर केला, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरनी आधीचे कायदे पुरेसे आहेत म्हणत त्याच्यावर सही केली नाही. विरोधात सह्या गोळा करण्याच्या लिंका आपल्या मराठी ग्रुपांवर फिरल्या, पदाधिकाऱ्यांनीही त्या पुढे पाठवल्या. तेव्हा संस्था सांस्कृतिक आहे याची आठवण कुणी करून दिली नाही. दलित सभासदांना त्या वेळी काय वाटलं असेल? ते आपल्यात आहेत, पंगतीत शेजारी बसतात, आडनाव विचारलं की विषय बदलतात. १९६४ च्या कायद्याच्या छत्राखाली नोकरीत आपल्याला वंशाचं संरक्षण हवं, पण आपल्यातल्याच माणसाला जातीपासून संरक्षण मिळायची वेळ आली की ते अनावश्यक, हे मला पटत नाही आणि मी ते लपवणार नाही.

तुमच्या खऱ्या अडचणी मला ठाऊक आहेत. संस्थेची करसवलत जाईल का? नाही. करमुक्त संस्थेला उमेदवाराचा किंवा पक्षाचा प्रचार करता येत नाही, पण पक्षनिरपेक्ष मतदार नोंदणी करता येते. नागरिक नसलेल्या कुणी चुकून फॉर्म भरला तर? ही भीती रास्त आहे, कारण त्याची शिक्षा त्या माणसाच्या ग्रीन कार्डाला भोगावी लागू शकते. म्हणून टेबलावर आधी नागरिकत्वाचा प्रश्न विचारायचा, फॉर्म नंतर द्यायचा. आपल्याला जमत नसेल तर लीग ऑफ विमेन व्होटर्सच्या स्थानिक शाखेला बोलवा, त्या बायका शंभर वर्षांहून अधिक काळ हेच काम करत आल्या आहेत. व्हिसावर असलेल्या तरुणांनी आजच्या वातावरणात गप्प राहायचं ठरवलं तर मी त्यांना बोल लावणार नाही. ज्यांच्या हातात निळा पासपोर्ट आहे, ज्यांचं काहीही बिघडणार नाही, त्यांनी गप्प बसण्याला मात्र माझ्याकडे कारण सापडत नाही.

मराठी शाळेच्या शिक्षकांना वेगळी विनंती आहे. मुलांना शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका शिकवता, जरूर शिकवा. त्याच वर्गात फुल्यांची ती अर्पणपत्रिका वाचून घ्या, डु बॉईस यांना गेलेलं पत्र वाचून घ्या. किंग यांच्या जयंतीची जानेवारीतली सुट्टी आपल्याकडे बहुतेक स्कीइंगला जाते. त्या सोमवारी गावातल्या एखाद्या काळ्या चर्चमध्ये मुलांना घेऊन जा, सेल्मा किंवा माँटगोमेरी पाहिलेली म्हातारी माणसं अजून हयात आहेत, त्यांना बोलतं करा. आणि १९६५ नंतरच्या पहिल्या खेपेला आलेले आपले काका-मावश्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांच्या आठवणीही मुलांकडूनच रेकॉर्ड करून घ्या. त्यांना मोटेलमध्ये खोली नाकारली गेली होती का, घर घेताना काय झालं, पहिलं मत कधी दिलं. हे त्यांना कुणी विचारलेलंच नाही.

कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हे पत्र विषयपत्रिकेवर घ्यावं, त्यावर मतदान घ्यावं, आणि जे ठरेल ते कारणांसह सभासदांना लेखी कळवावं. नकार द्यायचा असेल तर तोही लेखी द्या. होकार असेल तर फॉर्म भरून घ्यायला, खुर्च्या लावायला आणि दिवसभर टेबलाशी बसायला आम्ही येतो.

आपली,
एक आजीव सभासद